थांब कुणीही म्हणू शकतं

त्याची उंची पाच फूट दोन इंच आणि नाव टॉवरमामा. हे नाव ठेवणारा गडी साइट सोडून केव्हाच गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, वीस मजल्यांच्या वर, त्याने सव्वीस वर्षं काढली. सकाळी शिडीच्या दोनशे बारा पायऱ्या चढायच्या, संध्याकाळी तेवढ्याच उतरायच्या. इमारत बदलायची, शिडी बदलायची, पण पायऱ्या मोजायची सवय काही जायची नाही. शेवटच्या साइटवरचा आकडा दोनशे बाराचा, म्हणून तोच तोंडात बसला होता.

वरून माणसं मुंग्यांएवढी दिसत असतील ना, असं कुणी म्हटलं की तो चिडायचा. ज्याला मुंग्या दिसतात त्याने क्रेनवर चढू नये, घरी बसून डोळे तपासून घ्यावेत. त्याला खाली माणसंच दिसायची. कोण लंगडतो, कोण हेल्मेट काखेत मारून फिरतो, कोण हुकाखाली उभा राहून फोनवर बोलतो, सगळं.

पण अर्ध्याअधिक वेळा त्याला काहीच दिसत नसे. माल इमारतीच्या पलीकडच्या बाजूला उतरवायचा असला की मध्ये भिंत. अशा वेळी दोन टनांची सळई कुणाच्या डोक्यावर जाते की मोकळ्या जागेत, हे त्याला दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. ऐकवणारा एकच. बावटा.

बावटा म्हणजे त्याचा इशारेवाला. आधी हातात लाल झेंडा असायचा, पुढे वॉकीटॉकी आली, पण नाव तेच. बावट्याचा आवाज घोगरा, आणि काम करताना तो आवाज अखंड चालू. "खाली, खाली, खाली, खाली, हळू, खाली, खाली." एक शब्द चुकवायचा नाही, कारण आवाज तुटला की मामाचा हात लीव्हरवरून आपोआप मागे यायचा आणि माल हवेत थांबायचा. या कामात गप्प राहणं म्हणजे थांबणं. बॅटरी संपली असेल, माणूस पडला असेल, काहीही असेल. ऐकू येत नाही ना, मग हलायचं नाही.

दुसरा नियम असा की इशारा एकाचाच घ्यायचा. मुकादम ओरडो, इंजिनिअर ओरडो, खुद्द मालक हातवारे करो, मामा ढिम्म. दोघांचं ऐकलं की तिसरा मरतो, असं तो नव्या ऑपरेटरांना सांगायचा, आणि सांगताना छाती पुढे काढायचा. बावट्याला त्याने उभ्या आयुष्यात "का" म्हणून विचारलं नव्हतं. खाली म्हटलं की खाली. डावीकडे म्हटलं की डावीकडे.

या नियमाला एकच अपवाद होता, आणि त्या अपवादामुळेच बावटा जिवंत होता. अकरा वर्षांपूर्वी काँक्रीटचा एक पाट, म्हणजे भलामोठा तयार स्लॅब, वर चालला होता. बावट्याने "उचल" म्हटलं, मामाने उचलला. तेवढ्यात नवव्या मजल्यावर झाडू मारणारी एक बाई कठड्याशी आली, झाडू टाकला आणि हात आडवा धरून तळवा जमिनीकडे करून जोरजोरात हलवायला लागली. ती ना इशारेवाली, ना मुकादम. साइटवर येऊन तिला तीन दिवस झाले होते. मामाने थांबवलं. पाट जमिनीपासून दोन पुरुष उंच, एका बाजूचा पट्टा आकड्यातून अर्धा सुटलेला, आणि खाली बावटा उभा. खालून पट्टा दिसत नव्हता. वरून मामालाही दिसत नव्हता. बाईला मधून दिसला.

तर तो अपवाद असा: "थांब" कुणीही म्हणू शकतं. त्याला हुद्दा लागत नाही.

*

मामाच्या घरात या खुणा भाषेसारख्या चालायच्या. बायको शाळेत शिपाई, दिवसाला नऊ वेळा घंटा देणारी. घरी आल्यावर तिला कुठलाच आवाज नको असायचा. त्यामुळे टीव्ही लहान करायचा तर अंगठा खाली. पंखा वाढवायचा तर बोट वर करून गरगर. ताटात तिसऱ्यांदा वाढायला लागली की मामाचा हात आडवा, तळवा खाली: थांब. लेक लहानपणी शाळेतही असेच हातवारे करायची, आणि बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली होती की मुलीला बोलता येतं का ते तपासून घ्या. ती मुलगी आता एका फोन कंपनीच्या ग्राहक सेवेत दिवसभर बोलते, आणि बोलून बोलून घसा धरतो तिचा.

गाठ उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला होती. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने मामाने तिला खुर्चीच्या नावावर ढकललं. एवढा वेळ बसून काम, काहीतरी होणारच. लिंबाएवढी होती ती हळूहळू मुठीएवढी झाली. बायकोच्या लक्षात आलं ते त्याच्या बसण्यावरून.

"अहो, तुम्ही एका कुल्ल्यावर का बसता हल्ली?"

"क्रेनची खुर्ची वाकडी झालीय."

"आणि घरचीही झाली वाटतं."

गल्लीच्या तोंडाशी तीन मजली हॉस्पिटल. तिथल्या सर्जनने मामाच्या मेव्हण्याचं अपेंडिक्स काढलं होतं, शेजारणीचं पित्ताशय काढलं होतं, अर्ध्या वस्तीच्या पोटावर त्याचे टाके होते. हात चांगला आहे, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. त्याने गाठ दाबून बघितली. "चरबीची आहे काका. अर्ध्या तासाचं काम. दुपारी घरी." स्कॅन नाही, सुई घालून तपासणी नाही. चरबीच्या गाठी त्याने हजारांनी काढल्या होत्या. गाठ काढली, बरणीत घातली, लॅबला पाठवली, मामा दुपारी घरी.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, टाके काढायला गेला तेव्हा मामाला तपासायच्या टेबलावर पालथं झोपवलेलं होतं आणि पँट खुर्चीवर लटकत होती. त्याच अवस्थेत त्याला सांगण्यात आलं. हॉस्पिटलांचं हे एक आहे. माणसाला आधी उघडं करायचं, मग मोठमोठे शब्द ऐकवायचे. पँट नसलेला माणूस प्रश्न विचारत नाही. कुणी मुद्दाम करतं असं नाही, पण सोयीचं पडतं, म्हणून चालू राहतं.

"काका, रिपोर्ट चांगला नाही. सार्कोमा म्हणतात याला. मांस, चरबी असल्या मऊ भागात होणारा कॅन्सर. फार क्वचित होतो."

क्वचित हा शब्द मामाच्या डोक्यात अडकला. क्रेनमध्ये रोजचा बिघाड कुणालाही दुरुस्त करता येतो. क्वचितचा बिघाड आला की चार मेकॅनिक येतात, डोकं खाजवतात, आणि एकेक जण वेगळाच पार्ट बदलून जातो.

"खाली राहिला असणार थोडा," सर्जन कागदाकडे बघत बोलत होता. "आता जोखीम नको. पाय वरून काढून टाकू. जीव महत्त्वाचा. गुरुवार मोकळा आहे माझा. बुधवारी दुपारी भरती व्हा."

मामा काहीच बोलला नाही. त्याच्या हिशेबाने त्याने सगळं थांबवलं होतं. सव्वीस वर्षं गप्प राहणं म्हणजे थांबणंच होतं. सर्जनने "गुरुवार" असं लिहून कागद त्याच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

*

"तुम्ही हो म्हणालात?" लेकीने विचारलं.

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच तर ना बाबा." ती कागद उलटसुलट करून बघत होती. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये काय शिकवलंय माहितेय? समोरचा गप्प झाला की का गप्प झालात, असं विचारायचं नाही. म्हणायचं, धन्यवाद, आपली विनंती नोंदवली आहे. आणि कॉल बंद."

"डॉक्टर म्हणजे तुझं कॉल सेंटर आहे का?"

"नाही. पण घाई तीच आहे."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कॅन्सरच्या रुग्णांसाठी चालवलेल्या एका मदतीच्या नंबरवर फोन लावला. दिवसभर दुसऱ्यांचे फोन घेणारी ती, आयुष्यात पहिल्यांदा रांगेत थांबून गाणं ऐकत बसली. फोन उचलणारी बाई स्वतः अशाच एका क्वचितच्या कॅन्सरमधून गेलेली. तिने दिलासा वगैरे दिला नाही. म्हणाली, वही घे, पेन घे, लिही. लेकीने लिहिलं. अकरा प्रश्न झाले.

रात्रीच्या जेवणाआधी तिने ते वाचायला सुरुवात केली. याचं पूर्ण नाव काय, नुसतं सार्कोमा नको, त्यातला कुठला. काचेवरचा नमुना कुणी बघितला, आणि दुसऱ्या कुणी बघितला का. तुम्ही असे रुग्ण वर्षाला किती बघता. छातीचा स्कॅन केला का, कारण हा पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो. पाय न काढता काही करता येतं का. आणि नाही केलं तर...

"बास," मामा म्हणाला. "हे मी डॉक्टरला विचारू? हाकलून देईल मला तो."

"दिलं तर कळेल ना, पाय कुणाच्या हातात देतोय ते."

मामा भडकला. बारीक अंगाचा माणूस, पण भडकला की आवाज वीस मजले खाली पोचणारा. "क्रेनला दोन इशारेवाले नसतात. बावट्याला मी कधी विचारलं का, बाबा रे खाली का आणि वर का? विचारत बसलो असतो तर सव्वीस वर्षांत किती मेले असते, माहितेय? डॉक्टर आता माझा बावटा. तो म्हणेल ते. विषय संपला."

लेक वही मिटून उठून गेली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली. पण एक पँट तिने तीनदा उलगडली आणि तीनदा घडी केली, हे मामाला दिसलं. त्याला खालचं सगळं दिसायचं. घरात दिसलेलं मात्र तो बोलून दाखवत नसे.

रविवारी त्याने बूट पॉलिश केले. दोन्ही. केल्यावर ते दारात शेजारी शेजारी ठेवले आणि मग उजव्याकडे बघत बसला. गुरुवारनंतर या बुटाचं काय करायचं असतं, हे कुणाला विचारतात, ते त्याला ठाऊक नव्हतं.

*

सोमवारी तो साइटवर रजेचा अर्ज द्यायला गेला. ऑफिसातलं काम पाच मिनिटांचं. नंतर क्रेनच्या पायाशी रचलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर जाऊन बसला, डाव्या बाजूवर भार टाकून. वर केबिनमध्ये दुसराच कुणीतरी होता. बावटा वॉकीटॉकी खांद्याला लावून आला आणि शेजारी टेकला.

"नवा गडी कसाय?" मामाने विचारलं.

"बरा आहे. प्रत्येक वेळी 'काय म्हणालात' विचारतो. माझा घसा गेलाय."

"विचारू दे. नवा आहे."

"म्हणजे नव्याने विचारलेलं चालतं." बावट्याने खिशातून रुमाल काढून घाम पुसला. "तुझ्या पोरीचा फोन आला होता मला."

मामाने मान वळवली नाही.

"म्हणाली, काका, बाबा म्हणतात डॉक्टर म्हणजे बावटा. ऐकून बरं वाटलं म्हणा, आपल्याला कधी कुणी डॉक्टर म्हटलं नव्हतं." तो थांबला. "मामा, मी सांगतो तेव्हा तू का विचारत नाहीस?"

"तुला सगळं दिसतं म्हणून."

"मला सगळं दिसतं, कारण मी रोज तिथेच उभा असतो. तीच गाडी, तोच हुक, तीच जागा. उद्या मला बंदरावर नेऊन उभा केलास, जहाजाचा माल उतरवायला, तर मी काय सांगणार? मी जहाज चित्रात बघितलंय. तरी तू डोळे मिटून खाली सोडणार?"

मामा गप्प.

"हां. आता तू गप्प बसलास. मी गप्प बसलो की तू काय करतोस?"

"थांबतो."

"आणि शुक्रवारी तू तिथे गप्प बसलास तेव्हा गाडं थांबलं?"

पलीकडे कुठेतरी मिक्सर फिरत होता. मामाने बुटाच्या टोकाने खडीतला एक दगड सरकवला. मांडीतल्या टाक्यांच्या जागी ओढ लागली होती.

"तुला ती झाडूवाली आठवते?" बावटा म्हणाला.

"तिला कोण विसरेल."

"मी तिला आजही ओळखत नाही. नाव माहीत नाही. त्या दिवशी तू म्हणाला असतास, ही बाई कोण, माझा इशारेवाला बावटा, तर आज तुझ्या शेजारी हा ठोकळा रिकामा असता." तो उठला, वॉकीटॉकी चालू केली. "चल, मला घसा फोडायला जायचंय."

*

बुधवारी दुपारी तिघं हॉस्पिटलात गेली. भरतीचे कागद झाले. मामाने मुद्दाम पँट घालून ठेवली, नर्सने दिलेला गाऊन घडी करून मांडीवर धरला. एवढी अक्कल त्याला आता आली होती.

सर्जनच्या खोलीत टेबलावर संमतीपत्र ठेवलेलं होतं, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. लेकीने वही उघडली आणि पहिला प्रश्न वाचला. तिचा आवाज कॉलवर असतो तसा गोड झाला होता. ती घाबरली की असं व्हायचं.

सर्जनने घड्याळाकडे बघितलं. "हे सगळं इंटरनेटवरचं आहे बेटा. तिथे डोकं दुखलं तरी कॅन्सर निघतो. प्रश्नांनी पेशंट बरा होत नाही." मग मामाकडे वळून, समजुतीच्या सुरात, "काका, माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"आहे," मामा म्हणाला. खरंच होता.

"मग करा सही. उद्या सकाळी पहिली केस तुमची."

मामाने पेन उचललं. सोमवारपासून बावट्याचं बोलणं डोक्यात फिरत होतं, पण फिरणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. माणसाला समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाची लाज वाटते. पेनाचं टोक फुलीवर टेकलं.

तेव्हा बायकोने हात आडवा केला. तळवा जमिनीकडे, सरळ, खांद्याच्या रेषेत, आणि एकदा इकडून तिकडे फिरवला. तोंडाने काही नाही. ती सर्जनकडे बघतही नव्हती, मामाकडे बघत होती.

मामाचा हात मागे आला. त्याने आणला नाही, तो आला. सव्वीस वर्षं तो या खुणेला असाच मागे येत होता. पेन टेबलावर आडवं पडलं आणि गडगडत कडेला गेलं, ते नर्सने धरलं.

"काय झालं?" सर्जन म्हणाला.

मामाने घसा साफ केला. "डॉक्टर, चुकीचं विचारत असेन तर सांगा. असल्या गाठी तुम्ही आजवर किती काढल्या?"

"गाठी? हजारो काढल्यात."

"तसं नाही. ही. या नावाची."

सर्जनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, एवढं त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

"दोन," तो म्हणाला. "एक शिकत असताना, सरांच्या हाताखाली."

"आणि दुसरी?"

"तुमची."

मग मामाच बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज मऊ झाला होता. "म्हणजे तुमचीही पंचाईतच आहे."

तिथून पुढे प्रश्न सुटे झाले. लेक वाचायची, मामा आपल्या शब्दांत फिरवून विचारायचा. काचेवरचा नमुना कुणी बघितला? इथल्याच लॅबच्या डॉक्टरने. त्याने असले किती बघितलेत? माहीत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवला? नाही. छातीचा स्कॅन? सांगणार होतो, ऑपरेशननंतर. आधी का नाही? सर्जनने रिपोर्ट परत उघडून पहिलं पान बघितलं.

"गाठ काढायच्या आधी मांडीचा स्कॅन करायला हवा होता का?" लेकीने विचारलं. हा प्रश्न वहीत नव्हता.

सर्जनने रिपोर्ट बाजूला ठेवला. "आता विचारशील तर, हो. मोठी होती, खोल होती. करायला हवा होता."

लेकीने वही फाटकन मिटली. ती काहीतरी जळजळीत बोलणार, हे मामाला दिसलं आणि त्याने गुडघ्याजवळ दोन बोटं हलवली: हळू. तिने गिळलं. ते गिळणं सोपं नव्हतं आणि न्याय्यही नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना त्या माणसाच्या हातचा कागद हवा होता.

"उद्या नाही काढला पाय, तर काय होईल?" मामाने विचारलं.

"उशीर होईल. मग जबाबदारी तुमची."

"किती उशीर झाला म्हणजे उशीर? दिवस सांगा."

सर्जनने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. "दोन-तीन आठवडे चालतील. महिने नाही." मग त्याने स्वतःच कोरा कागद घेतला. "मोठ्या हॉस्पिटलात याच कॅन्सरचं वेगळं पथक असतं. मी पत्र देतो. माझी ऑपरेशनची टिपणं जोडतो. आणि लॅबमधून मेणाची वडी घ्या, तिच्यात तुमच्या गाठीचा तुकडा जपून ठेवलेला असतो. ते लोक ती परत कापून बघतील."

निघताना मामाने हात जोडले. सर्जनने संमतीपत्राची मधोमध घडी केली आणि खणात टाकलं.

खालच्या मजल्यावर लॅबचा कारकून म्हणाला, वडी आम्ही देत नाही. लेक म्हणाली, ठीक आहे, 'देत नाही' एवढं लिहून सही-शिक्का द्या. दहा मिनिटांत वडी हातात आली. प्लास्टिकच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढा मेणाचा तुकडा. बायकोने तो पर्समध्ये ठेवला, परत काढला, रुमालात गुंडाळला, परत ठेवला. तिच्या नवऱ्याचा पाय त्या पर्समध्ये होता.

*

मोठं हॉस्पिटल चार तासांच्या प्रवासावर. तिथे सोळा दिवस गेले. मांडीचा एमआरआय झाला, छातीचा सीटी झाला, वडी परत कापली गेली. रांगा तिथेही होत्या, मुजोरी तिथेही होती, एका खिडकीवर तर लेकीला तीन वेळा त्याच कागदाची झेरॉक्स आणायला लावली. मोठं नाव असलं म्हणून तिथे वेगळी माणसं बसत नाहीत. पण सतराव्या दिवशी एका खोलीत चार डॉक्टर एकत्र बसले होते आणि चौघांच्या समोर मामाचा एकच एमआरआय होता. केस बारीक कापलेली एक डॉक्टरीण बोलत होती. बाकीचे मध्ये मध्ये तिला टोकत होते आणि तिला त्याचा राग येत नव्हता. मामा ते बघत राहिला.

लेकीची वही आता अर्धी भरली होती. प्रश्न निळ्या शाईत, उत्तरं काळ्या.

कॅन्सर आहे. ते बदललं नाही. नाव मात्र बदललं. पहिल्या लॅबने लावलेली जात चुकीची होती, खरी जात आणखी क्वचितची निघाली. पाय वाचवून बघता येईल. आधी पाच आठवडे रेडिएशन, मग थोडे आठवडे थांबून मोठं ऑपरेशन, पहिल्या जखमेचा सगळा भाग धरून. पहिलं काम घाईत झाल्यामुळे आता जास्त मांस काढावं लागेल. मांडीच्या मागचे स्नायू जातील. काठी लागेल कदाचित. आत गेल्यावर नस गुंतलेली निघाली, तर पाय काढायची वेळ तरीही येऊ शकते, आणि तसं झालं तर आधी विचारू, असं डॉक्टरीण म्हणाली.

"आणि क्रेन?" मामाने विचारलं.

"शिडी किती पायऱ्यांची?"

आजवर कुणा डॉक्टरने त्याला त्याच्या कामाचं काही विचारलं नव्हतं. "दोनशे बारा."

तिने मान हलवली. "नाही. चढाल असं सांगणं खोटं ठरेल."

मामाने खिडकीकडे बघितलं. बाहेर नुसतं आकाश होतं, रिकामं.

लेकीने शेवटचा प्रश्न वाचला नाही, वही त्याच्यापुढे सरकवली. तो त्याने स्वतःच वाचला. "छातीच्या स्कॅनमध्ये एक ठिपका आलाय म्हणतात, तो कसला?"

"चार मिलिमीटरचा आहे. छातीतल्या जुन्या संसर्गाचा डागही असू शकतो. हाच आजारही असू शकतो. आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू. वाढला तर कळेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही. माहीत नाही."

"लिही," मामा लेकीला म्हणाला. "माहीत नाही. आजची तारीख घाल."

ती काळ्या शाईत लिहू लागली आणि मध्येच पेन थांबवून तिने तोंड दुसरीकडे वळवलं. बायकोने तिच्या हातातून पेन घेऊन उरलेली तारीख घातली.

बाहेर व्हरांड्यात लोखंडी बाकावर मामा डाव्या अंगावर टेकून बसला. फोन वाजला. बावटा होता, मागे मिक्सरची घरघर.

"काय म्हणाले?"

मामाने सांगितलं. पायाचं सांगितलं, काठीचं सांगितलं, शिडीचं सांगितलं. ठिपक्याचं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. फोन कानाला होता, पलीकडे बावटा होता, आणि दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं.

"मामा," बावटा म्हणाला. घोगरा आवाज आणखीच घोगरा झाला होता. "बोलत राहा. तुझा आवाज तुटला की मला काही दिसत नाही रे."

बायकोने वही त्याच्या मांडीवर ठेवली, डाव्या. त्याने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागला. प्रश्न, उत्तर, तारीख. हळूहळू, एकही न गाळता, बावट्याला ऐकू जाईल अशा आवाजात.